पहिला रुग्ण घेण्याआधी: पदव्युत्तर मार्गदर्शकांना आणि नैतिकता समित्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांमधले सर्व पदव्युत्तर मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि संस्थात्मक नैतिकता समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम, म्हणजे प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यकशास्त्र, विभागात संख्याशास्त्र शिकवते. शिकवण्यापेक्षा जास्त वेळ थिसिसच्या आकडेमोडीत जातो. थिसिस सादर करायची तारीख जवळ आली की रेसिडेंट डॉक्टर पेन ड्राइव्ह घेऊन येतात. त्यात मास्टर चार्टची, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या नोंदींच्या तक्त्याची, एक्सेल फाइल असते आणि बहुतेकांची विनंती एकच असते: "मॅडम, स्टॅट्स करून द्या." या मुलांनी रात्रपाळ्या करून, ओपीडी सांभाळून, रेकॉर्ड रूममध्ये केस पेपर धुंडाळून तो चार्ट भरलेला असतो. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पत्र तुम्हाला लिहिते आहे, कारण ती मुलं माझ्यापर्यंत पोचतात तेव्हा अभ्यासाचं काय होणार हे दीड-दोन वर्षांपूर्वीच ठरून गेलेलं असतं. ते सिनॉप्सिसच्या, म्हणजे अभ्यासाच्या आराखड्याच्या, वेळी ठरतं, आणि सिनॉप्सिसवर सही तुमची असते.

मागणी एकच आहे. थिसिसचं संख्याशास्त्र पहिल्या रुग्णाची संमती घेण्याआधी व्हावं. शेवटी एसपीएसएस या सॉफ्टवेअरमध्ये आकडे टाकून जे बाहेर पडतं, त्यातून अभ्यासाची मूळ चूक दुरुस्त होत नाही.

सर्वांत आधी नमुन्याच्या आकाराबद्दल, म्हणजे किती रुग्ण घ्यायचे याबद्दल, बोलते, कारण सर्वांत मोठं नुकसान तिथे होतं. प्रत्येक सिनॉप्सिसमध्ये त्याचा एक परिच्छेद असतो. त्यात सूत्र असतं, एखाद्या जुन्या लेखाचा हवाला असतो, आणि उत्तर बहुधा साठ येतं. प्रत्यक्षात साठ आधी ठरलेलं असतं. आपल्या वॉर्डात दीड वर्षात तेवढ्या केसेस होतील असा अंदाज असतो आणि सूत्र त्यानंतर शोधलं जातं. शल्यचिकित्सेतला साधा प्रश्न घ्या. शस्त्रक्रियेनंतर जखमेत जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण २० टक्के आहे. नव्या पद्धतीने ते १० टक्क्यांवर येईल का, हे तपासायचं आहे. निम्म्याने घट म्हणजे मोठीच घट. ती असेल तर पाचपैकी चार वेळा तरी पकडता यावी, एवढीच अपेक्षा ठेवली तरी प्रत्येक गटात सुमारे २०० रुग्ण लागतात. आपण घेतो तीस आणि तीस.

तीस-तीसमध्ये काय घडतं ते पाहा. नवी पद्धत खरोखर तेवढी चांगली असली, तरी एका गटात साधारण सहा जणांना संसर्ग होईल, दुसऱ्यात तिघांना. पी व्हॅल्यू, म्हणजे फरक 'लक्षणीय' म्हणायचा का हे ठरवायला वापरला जाणारा आकडा, ०.०५ च्या खाली लागतो; इथे तो जवळपासही येणार नाही. खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो, याची ९५ टक्के विश्वास मर्यादा काढली तर ती नवी पद्धत २८ टक्के बिंदूंनी चांगली इथपासून ८ बिंदूंनी वाईट इथपर्यंत पसरते. म्हणजे साठ माणसांना दीड वर्ष अभ्यासात ठेवून आपल्याला जे आधी माहीत नव्हतं ते नंतरही माहीत झालेलं नाही. एवढ्या छोट्या अभ्यासात हा फरक पाचपैकी चार वेळा हातून निसटतो. आणि निष्कर्षात मात्र छापलं जातं, "दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही." पुढच्या बॅचचा विद्यार्थी ते वाचतो आणि दोन्ही पद्धती सारख्याच आहेत असं समजून पुढे जातो.

इथे नैतिकता समितीच्या सदस्यांशी थेट बोलायचं आहे. संमतीपत्राचं मराठी भाषांतर, नुकसानभरपाई, गोपनीयता हे सगळं तुम्ही बारकाईने तपासता, ते योग्यच आहे. पण ज्या अभ्यासातून उत्तर मिळणारच नाही हे आधी गणित करून सांगता येतं, त्यात एखाद्या बाईला 'संशोधनासाठी' म्हणून दोन जादा रक्तचाचण्या करायला लावणं कोणत्या नैतिकतेत बसतं? अभ्यासाचा वैज्ञानिक पाया पक्का असणं ही नैतिकतेची पहिली अट आहे, ही भूमिका आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही घेतलेली आहे. नमुन्याचा आकार हा समितीपुढचा तांत्रिक तपशील धरला जातो आणि बैठकीत त्यावर चर्चा होत नाही. माझ्या मते चर्चेची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

आता पी व्हॅल्यूबद्दल. चार्ट घेऊन आलेला रेसिडेंट दबक्या आवाजात सांगतो, "सर म्हणालेत, सिग्निफिकंट आलं पाहिजे." आलं नाही तर थिसिस परत पाठवतील, परीक्षक प्रश्न विचारतील, जर्नल घेणार नाही, अशी भीती त्याच्या मनात असते. मग शोध सुरू होतो. मुख्य निष्कर्षात फरक नाही? सहा तासांनंतरच्या वेदनेत पाहू. बारा तासांनंतरच्या. चोवीस तासांनंतरच्या. फक्त बायकांत, फक्त पन्नाशीपुढच्यांत, फक्त मधुमेह असलेल्यांत पाहू. उपचारांत काडीचाही फरक नसताना अशा वीस स्वतंत्र तुलना केल्या, तर त्यांतली एक तरी ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता ६४ टक्के असते. तीच एक तुलना मग शीर्षकात जाते आणि उरलेल्या एकोणीस तुलना झाल्या होत्या हे वाचकाला कधीच कळत नाही. मुलांना याची लाज वाटते हे मी पाहिलं आहे. चांगली मुलं असतात ती. अभ्यास म्हणजे असाच असतो हे ती आपल्याकडून शिकून जातात, आणि पुढे स्वतः गाइड होतात.

पी व्हॅल्यू फार थोडं सांगते. खरोखर काही फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, एवढंच. उपचार उपयोगी असण्याची शक्यता ती सांगत नाही. फरक किती मोठा आहे, रुग्णाला तो जाणवेल का, हेही सांगत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये हे जाहीर निवेदन काढून सांगितलं. तरी आपल्या तोंडी परीक्षांत पहिला प्रश्न 'पी किती आला?' हाच असतो. फरक किती आणि त्याच्या मर्यादा कुठून कुठपर्यंत, हे विचारणारे परीक्षक मला फार थोडे भेटले.

मास्टर चार्टमध्ये आणखी काय काय दिसतं तेही सांगते. नेत्रविभागाच्या चार्टमध्ये साठ ओळी असतात, पण माणसं तीस असतात. एकाच रुग्णाचे दोन डोळे दोन स्वतंत्र रुग्ण म्हणून मोजलेले असतात. एकाच शरीरातले, एकाच साखरेने ग्रासलेले, एकाच घरात औषध घालून घेणारे ते दोन डोळे आहेत. त्यांना साठ मानलं की मर्यादा खोट्या अरुंद होतात आणि पी खोटी लहान होते. यावर उपाय आहेत, अवघडही नाहीत, पण अभ्यास आखताना विचारलं तरच.

रक्तदाबाचे सगळे आकडे शून्यावर संपतात, १२०/८०, १३०/९०, १४०/९०. वय पन्नास, पंचावन्न, साठ, म्हणजे गोल केलेले आकडे. रुग्णालयातला मुक्काम सरासरी ५ दिवस, प्रमाण विचलन (आकड्यांचा विखुरलेपणा) ६ दिवस. म्हणजे बरेच जण तीन दिवसांत घरी गेले आणि दोघे-तिघे महिनाभर राहिले. अशा ठिकाणी सरासरी कुणाचंच चित्र दाखवत नाही, मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, द्यायला हवा. यादृच्छिक वाटप, म्हणजे कोण कोणत्या गटात हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवणं, केलं म्हणून लिहिलेलं असतं आणि विचारलं तर कळतं, एक सोडून एक रुग्ण घेतला. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरला आधी ठाऊक असेल, तर गंभीर रुग्ण नकळत एका बाजूला सरकतो. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधल्या क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी रुग्णाचा गट लिहिलेली बंद पाकिटं वापरली ती यासाठीच. पाकिटांना खर्च येत नाही. आजही आपल्याकडे ती वापरली जात नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गळतीचा, म्हणजे अभ्यासातून मध्येच सुटणाऱ्या रुग्णांचा, प्रश्न तर आपल्या मातीतलाच आहे. मराठवाड्यात रक्तक्षयावरच्या गोळ्यांचा, सहा महिन्यांच्या पाठपुराव्याचा अभ्यास दिवाळीच्या आधी सुरू केला, तर ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आसपास कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत परत येत नाहीत. चार्टमध्ये त्यांच्यापुढे 'लॉस्ट टू फॉलोअप' लिहिलं जातं आणि ओळ काढून टाकली जाते. राहतात ती गावात राहू शकणारी, थोडी बऱ्या परिस्थितीतली माणसं. ज्यांचा रक्तक्षय सर्वांत वाईट, ज्यांची औषधं सर्वांत आधी बंद पडतात, त्यांनाच वगळून आपण गोळ्या उपयोगी ठरल्याचं लिहितो. कोणत्याही सॉफ्टवेअरला हे दिसत नाही. आपल्या ओपीडीत कोण येतं आणि कोणत्या महिन्यात येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. म्हणून आखणीच्या वेळी आपण दोघांनी एकत्र बसायला हवं.

आपल्याकडे असं काटेकोर काम होऊ शकत नाही, साधनं नाहीत, रुग्णसंख्येचा ताण फार, हे मला नेहमी ऐकवलं जातं. ताण खरा आहे. पण काम झालेलं आहे आणि ते याच राज्यात झालेलं आहे.

उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल कर्करोग रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ समूह. कोणत्या समूहात कोणती तपासणी हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलं गेलं, आणि एका समूहातल्या स्त्रिया एकमेकींसारख्या असतात हे विश्लेषणात धरलं गेलं. दोन डोळ्यांच्या बाबतीत आपण जे विसरतो, ते इथे गावांच्या पातळीवर पाळलं गेलं. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) शोधणारी चाचणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. जगभरच्या तपासणी धोरणात आज एचपीव्ही चाचणीला जे स्थान आहे, त्यामागच्या पुराव्यात आपल्या बार्शी-उस्मानाबादच्या बायकांचा मोठा वाटा आहे.

त्याच अभ्यासात व्हीआयए, म्हणजे ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची स्वस्त तपासणी, हाही एक गट होता. त्यात मृत्यू १४ टक्के कमी दिसले, पण मर्यादा ४० टक्के कमीपासून २५ टक्के जास्तपर्यंत पसरल्या होत्या. आपल्या थिसिसच्या भाषेत 'नॉट सिग्निफिकंट'. तिथेच विषय बंद झाला असता तर? मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलचा दुसरा अभ्यास १९९८ पासून सुरू होता. सुमारे दीड लाख स्त्रिया, तपासणी करणाऱ्या थोडक्या दिवसांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका, आणि व्हीआयए एकदा न करता दर दोन वर्षांनी चार फेऱ्यांत. बारा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. मर्यादा १२ ते ४६ टक्के. दोन निष्कर्ष शेजारी ठेवले की ते एकमेकांच्या विरोधात नाहीत हे लगेच दिसतं. मुंबईचा आकडा उस्मानाबादच्या मर्यादांच्या आतच बसतो. पी व्हॅल्यूपुरतं पाहणाऱ्याला मात्र एक अभ्यास 'नाही' म्हणतो आणि दुसरा 'हो', एवढंच दिसेल. या अभ्यासांत तुलनेच्या गटाला तपासणी न देण्यावर पुढे तीव्र टीका झाली. ती टीका मी हलक्यात घेत नाही. हजारो बायकांनी दिलेल्या माहितीची किंमत किती मोठी असते आणि ती वाया घालवायचा आपल्याला काहीच अधिकार कसा नाही, हे त्या वादातून मला अधिक ठळकपणे कळलं.

आणि ज्यांना लाखाचे आकडे दूरचे वाटतात, त्यांनी गडचिरोलीकडे पाहावं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली आणि ४७ गावं तुलनेला ठेवली. बाळाचा जन्म आणि मृत्यू एकही सुटू नये म्हणून दोन्हीकडे कसून नोंदी ठेवल्या गेल्या. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने तो अभ्यास छापला. ३९ गावांत हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ वरून पंचवीसच्या आसपास आले, तुलनेच्या गावांत ते साठीच्या आसपास तसेच राहिले. दुसरा आकडा नसता तर पहिल्याचं श्रेय चांगल्या पावसाला, रस्त्याला, कशालाही देता आलं असतं. आज देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरी जातात, त्यामागे ही मोजणी आहे.

तुलनेच्या गटाकडे न पाहता निष्कर्ष काढला की काय होतं, तेही आपण सगळ्यांनी अनुभवलं. कोविडच्या साथीत, २९ जून २०२० रोजी, राज्याने बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा रुग्णांना देण्याचा 'प्लॅटिना' प्रकल्प मोठ्या आशेने सुरू केला. बहुतेक रुग्ण तसेही बरे होत होते, त्यामुळे प्लाझ्मा दिलेलेही बरे होताना दिसत होते, आणि डोळ्यांना दिसलेल्यावर विश्वास बसत होता. त्याच सुमारास आयसीएमआरने देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर यादृच्छिक चाचणी केली. आजार गंभीर होणं किंवा मृत्यू यांचं प्रमाण प्लाझ्मा गटात १९ टक्के, दुसऱ्यात १८ टक्के. ऑक्टोबर २०२० मध्ये हे छापून आलं. तरीही एप्रिल २०२१ च्या लाटेत घरोघरची माणसं प्लाझ्मासाठी रात्रीबेरात्री फोन करत होती, आणि आपल्यातले डॉक्टर चिठ्ठ्या लिहून देत होते. मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा गेला तो मे २०२१ मध्ये. उलट डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर येतात, हे ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने साथ सुरू झाल्यावर काही महिन्यांत सांगितलं, कारण तिथे सुमारे पावणेदोनशे रुग्णालयांनी एकच प्रश्न एकाच पद्धतीने विचारला होता.

मला सर्वांत जास्त आग्रह याच गोष्टीचा धरायचा आहे. एकाच विषयावर दहा महाविद्यालयांत दहा वेगळे थिसिस चालतात, प्रत्येकी चाळीस-साठ रुग्णांचे, प्रत्येकाची व्याख्या वेगळी. त्या दहा ठिकाणी जखमेच्या संसर्गाची एक व्याख्या, एक नोंदपत्रक ठरवलं आणि प्रत्येक ठिकाणी चाळीस रुग्ण दोन गटांत यादृच्छिक पद्धतीने वाटले, तर चारशे होतात. वर ज्या प्रश्नाला दोनशे आणि दोनशे लागतात म्हटलं, तो सुटतो. प्रत्येक रेसिडेंटला स्वतःचा थिसिस हवा, हे मान्य. एकाने खर्च पाहावा, एकाने मधुमेही रुग्ण, एकाने जंतूंची औषधप्रतिरोधकता, पण हे उपप्रश्न आधी लिहून ठेवलेले असावेत. मार्गदर्शकांच्या विषयवार संघटना आहेत, परिषदा होतात. त्यांच्या एका सत्रात पुढच्या बॅचसाठी असा एकेक सामायिक प्रश्न ठरवता येईल.

बाकीचं लहान आहे, तुमच्या हातातलं आहे. सिनॉप्सिसमध्ये मुख्य निष्कर्ष एकच लिहावा, आणि तो कसा, केव्हा, कोण मोजणार तेही. चाचणी असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदणी पहिल्या रुग्णाआधी करावी. एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी घेतच नाहीत, तरी रुग्ण घेऊन झाल्यावर धावपळ करणारे दरवर्षी भेटतात. नैतिकता समितीने संख्याशास्त्र जाणणाऱ्या व्यक्तीला बैठकीला बोलवावं आणि नमुन्याच्या परिच्छेदावर तिचं मत लेखी घ्यावं. रेसिडेंटला आयसीएमआर-एनआयईचा (राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा) संशोधन पद्धतीचा ऑनलाइन कोर्स करावा लागतो. तो सिनॉप्सिसच्या आधी पूर्ण झाला तर त्याचा उपयोग होईल, परीक्षेच्या तोंडावर केलेल्याचा होत नाही. आणि परीक्षक म्हणून बसाल तेव्हा, प्रश्न चांगला आणि मोजणी प्रामाणिक असेल, तर 'फरक आढळला नाही' म्हणणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्या. एका विभागात जरी हे झालं, तरी पुढच्या बॅचचा मुलगा माझ्याकडे येऊन पी व्हॅल्यूसाठी गयावया करणार नाही.

नव्या बॅचचे विषय लवकरच ठरतील. तुमच्या विभागातल्या संख्याशास्त्रज्ञाला, नसेल तर शेजारच्या महाविद्यालयातल्याला, त्या बैठकीला बोलवा. अर्धा तास पुरतो. रेसिडेंटसोबत तुम्ही स्वतः यावं एवढीच विनंती आहे, कारण कोणता फरक रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा, या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नसतं. ते तुमच्याकडेच असतं.

आपली,
एका वैद्यकीय महाविद्यालयातील संख्याशास्त्राची अध्यापिका